दोन बोटं फट

मे महिन्याचा दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा.
अजब बंगल्याच्या मागच्या खोलीत
कूलर खसाचा वास फेकतोय
आणि एकवीस पोट्टे आईस्क्रीमच्या काड्या चाटून पाहताहेत,
गोड लागतात का म्हणून.
नाही लागत. कोऱ्या आहेत, इतवारीतून ठोक भावात आणलेल्या,
बिल अजून मंजूर व्हायचंय.

मी फळ्यावर लिहिते: ताण. दाब.
आणि पुसून टाकते.
शब्द नंतर. आधी हात.

"जोड्या करा. तळव्याला तळवा लावा.
आता पाय मागे घ्या. थोडे. अजून थोडे."
मोमिनपुऱ्याची उम्मेहानी, जरीपटक्याचा दीपेश,
एकमेकांवर रेललेत हसू दाबत,
कोपरं थरथरताहेत.
"कुठं लागतंय?"
"खांद्यात." "पायाच्या बोटात."
"हाच दाब. हीच कमान.
आता एक जण जरी सरकला तर..."
वाक्य दीपेशनं सरकून पूर्ण केलं.

मग लाकडी पाचरी.
खाली आधाराला बुटांचा खोका,
दोन्हीकडून चढत यायचं, मधला ठोकळा शेवटी.
प्रज्योत गजभिये खोका काढायलाच तयार नाही.
"राहू द्या ना मॅडम, चांगला दिसून राह्यला."
"काढल्याशिवाय कळेल कसं?"
तो डोळे मिटतो, खोका ओढतो.
कमान जराशी खचते,
बसमध्ये उशिरा जागा मिळालेला माणूस बसतो तशी,
आणि तिथंच राहते.
सगळे टाळ्या वाजवतात.
प्रज्योतचे डोळे अजून मिटलेलेच.

बारा वाजता काड्यांचे पूल, दोन टेबलांच्या मधोमध.
भाजीवाल्याकडून मागून आणलेली मापं:
पाव, अर्धा, एक किलो, दोन.
दीपेशचा पूल दीड किलोला गेला.
चैताली उईकेनं नुसते त्रिकोण जोडलेत,
एकात एक, फेविकॉलनं बोटं पांढरी,
दोन्ही टोकं टेबलांना घट्ट चिकटवलेली.
तिचा साडेसात किलोला हूं नाही की चूं नाही.

कूलरमध्ये पाणी ओतायला आलेले गुणवंतराव
बादली खाली ठेवतात.
"मॅडम, हा दोन्हीकून चिकटवला तुमी."
"हो."
"मंग उन्हाळ्यात काय करन थो?"

मला उत्तर येतं. फळ्याच्या भाषेत येतं.
पण पोरं आता त्यांच्याकडे वळलीत.
"नऊ वर्सं सेंट्रिंगवर होतो मी. उडानपुलाच्या.
आमी दोन बोटं फट सोडो.
पूल बी उन्हात आंग पसरते नं बाप्पा.
जागा नाई भेटली त कुठंतरी फाटते."

"बस जाते तवा धडक-धडक होते, ते?"
"थेच."

खोलीत एकवीस डोक्यांत एकाच वेळी
कुठल्या कुठल्या बसा पुलांवरून गेल्या.
चैतालीनं विचारलं,
"मंग त्या फटीतून कोनी पडत नाही?"
गुणवंतरावांनी बादलीची कडी उचलली, परत सोडली.
"फटीतून नाई," म्हणाले.

कूलरची टाकी भरली, वरून सांडायला लागली.
कोणी काही बोललं नाही, मीसुद्धा.
मग चैतालीनं एक टोक ब्लेडनं सोडवलं,
आपली दोन बोटं मध्ये घातली,
आणि थांबली.
"कोनाची बोटं धरायची? माही का तुमची?"
त्यांनी आपला पंजा तिच्याशेजारी टेबलावर ठेवला.
तिची चार बोटं म्हणजे त्यांची दोन.
"तुया पुलाले तुही पुरतात."

दुपारी पाऊणला मापं परत केली, खोलीला कुलूप लावलं.
पंचेचाळीस डिग्री. बसची खिडकी हात लावू देईना.
पुलावर चढल्यावर मी मोजायला लागले,
धडक-धडक, एक.
धडक-धडक, दोन.
सहाव्याला पुढं सिग्नल लाल झाला
आणि बस थांबली,
पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे.
खाली कुठंतरी रसवंतीचे घुंगरू वाजत होते.